गच्चीचा स्लॅब आणि काळी माती: उष्णतावहनाचं मॉडेल स्प्रेडशीटवर कसं बांधायचं

मे महिन्यात वरच्या मजल्यावरची खोली रात्री नऊ वाजता दुपारपेक्षा जास्त का तापते, गच्चीला पांढरा रंग द्यावा की थर्माकोल घालावा, जमिनीखाली तीन मीटरवर माती किती गार असते, पुरलेली विजेची केबल मातीत किती तापेल, या सगळ्या प्रश्नांमागचं गणित एकच आहे. ते साध्या स्प्रेडशीटवर बसतं. समीकरण एका ओळीचं असतं आणि सहसा चुकत नाही. चुकतात ते त्यात घातलेले आकडे, विशेषतः बाहेरच्या पृष्ठभागावरचे आणि ओलाव्याचे. म्हणून या लेखात समीकरणावर कमी आणि आकड्यांवर जास्त वेळ घालवला आहे.

उदाहरणासाठी नागपूरची गच्ची घेऊ. नंतर त्याच पद्धतीने काळ्या मातीत उतरू.

थर आणि त्यांचे गुणधर्म

प्रत्येक थराचे चार आकडे लागतात: जाडी, उष्णतावाहकता (वॅट प्रति मीटर-केल्विन), घनता (किलो प्रति घनमीटर) आणि विशिष्ट उष्णता (जूल प्रति किलो-केल्विन). भारतीय बांधकाम साहित्याचे आकडे भारतीय मानक ब्युरोच्या एसपी-४१ या १९८७ च्या पुस्तिकेत आहेत. परदेशी तक्त्यांपेक्षा ते आपल्या विटा-चुन्याला जवळचे आहेत. वरून खाली असे थर धरू:

- ब्रिक बॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर), १०० मिमी: वाहकता ०.७३, घनता १६५०, विशिष्ट उष्णता ८८०
- आरसीसी स्लॅब, १२० मिमी: १.५८, २२९०, ८८०
- आतलं सिमेंट प्लॅस्टर, १२ मिमी: ०.७२, १७६०, ८४०

कोब्याचा आकडा चुन्याच्या काँक्रीटचा आहे, पण कामाला चालतो. कोब्याची जाडी मात्र नकाशावरून घेऊ नका. उतार दिलेला असल्यामुळे पाण्याच्या पाइपाशी तो ६०-७० मिमी असतो आणि दुसऱ्या टोकाला १५० च्या पुढे जातो. सरासरी धरा, किंवा दोन्ही टोकं वेगवेगळी चालवून बघा.

एसपी-४१ मध्ये विशिष्ट उष्णता किलोजूलमध्ये आहे, म्हणजे ०.८८. तशीच टाकली तर स्लॅब उष्णता साठवतच नाही असं मॉडेलला वाटतं आणि पहिल्या चार-पाच ओळींतच आकडे लाखांत जातात. या मॉडेलमधली ही सर्वात नेहमीची चूक आहे.

आधी स्थिर हिशेब

मॉडेल बांधण्याआधी एकूण रोध (प्रत्येक थराची मीटरमधली जाडी ÷ वाहकता, यांची बेरीज) काढून ठेवा, पुढे पडताळणीला तो लागतोच. बाहेरच्या हवेच्या थराचा रोध ०.०४, कोबा ०.१३७, स्लॅब ०.०७६, प्लॅस्टर ०.०१७ आणि आतल्या हवेचा ०.१७. बेरीज ०.४४, म्हणजे छताचा यू-मूल्यांक (१ ÷ एकूण रोध) २.२७. इको-निवास संहिता २०१८ निवासी इमारतींच्या छताला कमाल १.२ ची मुभा देते. तिथे पोचायला ०.०३६ वाहकतेचं सुमारे १५ मिमी थर्माकोल पुरतं. ५० मिमी घातलं तर मूल्यांक ०.५५ वर येतो.

आतल्या बाजूला ०.१७ का, हे लक्षात ठेवा. उष्णता वरून खाली येताना छताखालची गरम हवा तिथेच साचून राहते, म्हणून रोध जास्त. थंडीच्या रात्री उष्णता खालून वर जाते, तेव्हा ०.१० घ्यायचा. पंखा चालू असेल तर उन्हाळ्यातही ०.१० ते ०.१२ जास्त खरा.

यू-मूल्यांक दिवसाची सरासरी सांगतो, वेळ सांगत नाही. रात्री नऊचा प्रश्न त्यातून सुटत नाही.

बाहेरची बाजू: सगळ्यात जास्त चुका इथे

गच्चीवर नुसतं हवेचं तापमान लावून चालत नाही, ऊन धरावं लागतं. त्यासाठी सौर-वायू तापमान काढतात:

सौर-वायू तापमान = हवेचं तापमान + (शोषणांक × ऊन ÷ बाह्य गुणांक) − (आकाशाकडे जाणारी उष्णता ÷ बाह्य गुणांक)

शोषणांक म्हणजे उन्हाचा किती वाटा पृष्ठभाग शोषतो तो, आणि बाह्य गुणांक म्हणजे १ ÷ बाहेरच्या हवेच्या थराचा रोध. नागपूरच्या मे महिन्यासाठी हवा कमाल ४३, किमान २८ धरा: सरासरी ३५.५ आणि तिच्याभोवती ७.५ ची कोसाइन लाट, कमाल दुपारी साडेतीनला. ऊन सकाळी ५:३५ ते संध्याकाळी ६:४५ अर्ध्या साइन लाटेसारखं, शिखर ९५० वॅट प्रति चौ.मी. मुंबईसाठी करत असाल तर सूर्याचा माध्यान्ह साडेबाराच्या पुढे जातो, तेवढी लाट सरकवा. निरभ्र आकाशाकडे जाणारी उष्णता ६३ वॅट धरायची रीत आहे. पावसाळी ढगाळ दिवशी ती जवळपास शून्य होते.

आता आकडे. पावसाने काळवंडलेल्या सिमेंटचा शोषणांक ०.६५ आणि बाह्य गुणांक २५ धरला तर दुपारी एकला सौर-वायू तापमान सुमारे ६३ अंश येतं. कमाल हवा आणि कमाल ऊन यांची सरळ बेरीज करून ६५ काढू नका, दोन्ही एका वेळी येत नाहीत.

पण २५ हा गुणांक सेकंदाला चार मीटर वाऱ्याचा आहे. चहूबाजूंनी उंच इमारती आणि चार फुटी कठडा असलेल्या गच्चीवर तो १५ पर्यंत उतरतो आणि मग तेच तापमान ७७ च्या पुढे जातं. एका गृहीतकाने चौदा अंशांचा फरक! काँक्रीटची वाहकता १.५८ की १.७४ यावर वाद घालत बसण्याआधी वाऱ्याचा हा आकडा नीट ठरवा.

पांढऱ्या रंगाचंही तसंच. डब्यावर लिहिलेली परावर्तकता नव्या, स्वच्छ रंगाची असते. धूळ बसून एक पावसाळा गेला की शोषणांक ०.२५ चा ०.३५-०.४ होतो. जुन्या रंगाचा आकडा धरा. ०.३५ ने एक वाजताचं तापमान ५२ च्या आसपास येतं, म्हणजे नुसत्या रंगाने अकरा अंश कमी. पांढऱ्या चायना मोझॅकची गच्ची या बाबतीत रंगापेक्षा टिकाऊ, कारण ती धुता येते.

स्लॅबचे काप

कोबा आणि स्लॅब २० मिमीच्या कापांत विभागा: कोब्याचे ५, स्लॅबचे ६. प्लॅस्टरचा वेगळा काप करू नका. इतक्या पातळ थराने टाइमस्टेप (शीटच्या दोन ओळींमधला वेळ) विनाकारण लहान होतो. त्याचा ०.०१७ चा रोध शेवटच्या जोडणीत मिसळून टाका.

प्रत्येक कापाची उष्णताधारकता = घनता × विशिष्ट उष्णता × जाडी. कोब्याच्या कापाची २९,०४०, स्लॅबच्या कापाची ४०,३०४ जूल प्रति चौ.मी.-केल्विन.

शेजारच्या दोन कापांच्या मध्यांमधला रोध:

- कोबा ते कोबा: ०.०२ ÷ ०.७३ = ०.०२७४
- स्लॅब ते स्लॅब: ०.०२ ÷ १.५८ = ०.०१२७
- कोबा ते स्लॅब: अर्धा काप याचा, अर्धा त्याचा: ०.०१३७ + ०.००६३ = ०.०२००
- बाहेर ते पहिला काप: ०.०४ + ०.०१३७ = ०.०५३७
- शेवटचा काप ते खोली: ०.००६३ + ०.०१६७ + ०.१७ = ०.१९३

जोडावर दोन वाहकतांची साधी सरासरी घेऊन भागायचं नाही. रोध नेहमी बेरजेने जोडायचे. कोबा आणि काँक्रीटमध्ये या चुकीने फार बिघडत नाही, पण काँक्रीट आणि थर्माकोलच्या जोडावर थर्माकोलचा अर्धा परिणामच गायब होतो.

आता ते एका ओळीचं समीकरण:

नवं तापमान = जुनं तापमान + (टाइमस्टेप ÷ कापाची उष्णताधारकता) × [(वरच्या कापाचं जुनं तापमान − स्वतःचं जुनं) ÷ वरचा रोध + (खालच्या कापाचं जुनं − स्वतःचं जुनं) ÷ खालचा रोध]

टाइमस्टेपला वरची मर्यादा आहे: कापाची उष्णताधारकता भागिले (१ ÷ वरचा रोध + १ ÷ खालचा रोध). प्रत्येक कापासाठी ही काढा आणि सर्वात लहान उत्तर बघा. इथे स्लॅबच्या मधल्या कापांची मर्यादा २५५ सेकंद येते, म्हणून १८० सेकंद घ्या. तासाला २० ओळी, दिवसाला ४८०. मर्यादा ओलांडली की शेजारच्या ओळींत तापमान करवतीच्या दात्यांसारखं वर-खाली होऊ लागतं आणि मग फुटतं. काप निम्मे केले तर टाइमस्टेप चौथाई करावा लागतो, हे विसरून "अचूकतेसाठी" ५ मिमीचे काप करणारे इथे अडकतात. काप खरोखरच बारीक हवे असतील तर १९४७ मधली क्रँक-निकोल्सन पद्धत वापरा. ती अशी फुटत नाही, पण प्रत्येक ओळीत समीकरणांचा संच सोडवावा लागतो आणि मग स्प्रेडशीटपेक्षा पायथॉन बरं.

शीटची मांडणी

ए स्तंभात वेळ, बी मध्ये हवा, सी मध्ये ऊन, डी मध्ये सौर-वायू तापमान. ई ते आय कोब्याचे पाच काप, जे ते ओ स्लॅबचे सहा, पी मध्ये खोलीत उतरणारी उष्णता: (शेवटचा काप − खोलीचं तापमान) ÷ ०.१९३. रोध, धारकता आणि टाइमस्टेप वर वेगळ्या चौकटीत ठेवून सूत्रांत डॉलर चिन्हाने बांधा. सूत्रात थेट आकडे लिहिले की महिन्याभराने कुठला आकडा कशाचा ते कळत नाही.

सूत्रातली सगळी तापमानं आधीच्या ओळीतलीच हवीत. एखादा संदर्भ चुकून त्याच ओळीतला लागला तर शीट चालू राहते, उत्तरही पटण्यासारखं येतं, आणि ते चुकीचं असतं. दहाव्या-बाराव्या ओळीतलं एक सूत्र उघडून संदर्भ डोळ्यांनी तपासा.

सुरुवातीला सगळ्या कापांना ३५ अंश द्या आणि तेच हवामान पाच दिवस चालवा. पहिले तीन-चार दिवस फेकून द्या, ते आपल्या अंदाजी सुरुवातीचे असतात. पाचवा दिवस चौथ्याशी अंशाच्या दहाव्या भागापर्यंत जुळला की तो खरा.

खोलीचं तापमान काय धरायचं? एसी खोलीत २६ ठेवलं तर चालेल. बिगर-एसी खोलीत स्थिर आकडा म्हणजे फसवणूक. तिथे तासागणिक मोजलेलं तापमान घाला.

पडताळणी

पहिली चाचणी: बाहेर कायम ६०, आत कायम ३०. दोन-तीन दिवसांनी पी स्तंभात ३० ÷ ०.४४, म्हणजे सुमारे ६८ वॅट प्रति चौ.मी. यायला हवं. छताच्या खालच्या पृष्ठाचं तापमान ३० + ६८ × ०.१७ = ४१.६. हे जुळलं तर रोध बरोबर आहेत.

दुसरी: उष्णतेचा ताळेबंद. दिवसभरात वरून आत आलेली उष्णता वजा खाली गेलेली, ही कापांत साठलेल्या उष्णतेतल्या बदलाइतकी हवी. फरक राहिला तर कुठल्या तरी जोडणीचा रोध एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा लागलाय.

तिसरी: वेळ. अशा छताखाली उष्णतेचं शिखर सौर-वायू तापमानाच्या शिखरानंतर साधारण सात तासांनी, म्हणजे रात्री आठच्या सुमाराला येतं. शीटमध्ये ते दुपारी दोन-तीनला दिसलं तर धारकता कमी पडली आहे. जेवायच्या वेळी पंखा गरम हवा का फेकतो, त्याचं उत्तर याच स्तंभात आहे.

प्रत्यक्ष मोजायचं असेल तर डीएस१८बी२० सेन्सर पुरतो, अचूकता अर्ध्या अंशाची. खालच्या बाजूला थर्मल पेस्ट लावून चिकटवा आणि वरून छताच्याच रंगाची पट्टी लावा. गच्चीवर उघडा ठेवलेला सेन्सर गच्चीचं नाही, स्वतःचं तापमान सांगतो. तिथे कोब्यात ५ मिमी खाच पाडून सिमेंटने बुजवा. आकडे जुळवताना एका वेळी एकच गोष्ट हलवा: आधी वरच्या पृष्ठावरून शोषणांक आणि वाऱ्याचा गुणांक, मग खालच्या पृष्ठाच्या उशिरावरून कोब्याचे गुणधर्म. सगळं एकदम हलवलं तर काहीही कशाशीही जुळतं.

थर्माकोल घालून बघताना त्याचे काप करू नका. २५ मिमीच्या कापाची धारकता जेमतेम ६७० जूल असते आणि टाइमस्टेपची मर्यादा १६० सेकंदांखाली जाते, म्हणजे आपले १८० फुटतात. त्याऐवजी कोबा-स्लॅब जोडणीच्या ०.०२०० मध्ये ५० मिमी थर्माकोलचा १.३९ चा रोध मिळवा. थर्माकोल स्लॅबच्या वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी घालून बघण्यासारखं आहे. यू-मूल्यांक तोच राहतो, पण खाली घातलं की स्लॅब स्वतः दिवसभर भाजत राहतो, आकुंचन-प्रसरण पूर्ण सोसतो आणि कोब्याला भेगा लवकर जातात.

तुळई, कठडा आणि स्लॅबची कड यांच्याजवळ, म्हणजे छताच्या जाडीच्या दोन-तीन पट अंतरात, हे एकमितीय मॉडेल चालत नाही. पाऊस पडून गेल्यावरच्या दिवशीही नाही, कारण ओला कोबा वाहून नेतो त्यापेक्षा बाष्पीभवनाने जास्त उष्णता घालवतो.

मातीत उतरताना

मातीला हेच समीकरण लागतं. पण काँक्रीटचे आकडे तक्त्यातून मिळतात, मातीचे पाण्यावर ठरतात. काळ्या मातीचं उदाहरण घेऊ: कोरडी घनता १३५०, सच्छिद्रता ०.५.

धारकता सोपी: कोरडी घनता × (८०० + ओलावा × ४१८६), ओलावा कोरड्या मातीच्या वजनाच्या प्रमाणात. पावसाळ्यानंतर ३० टक्के ओलाव्याला २७.८ लाख, मे महिन्यात ८ टक्क्यांना १५.३ लाख जूल प्रति घनमीटर-केल्विन.

वाहकतेसाठी योहान्सन यांची १९७५ ची पद्धत वापरा. कोरड्या मातीची वाहकता = (०.१३५ × घनता + ६४.७) ÷ (२७०० − ०.९४७ × घनता), इथे ०.१७. संपृक्त (छिद्रं पाण्याने पूर्ण भरलेल्या) मातीची म्हणजे खनिजांच्या आणि पाण्याच्या वाहकतेला आपापल्या आकारमानाच्या वाट्याचा घात देऊन केलेला गुणाकार. खनिजांत क्वार्ट्झचा वाटा कळीचा आहे, कारण त्याची वाहकता ७.७ आणि बाकीच्यांची २ च्या आसपास. दख्खनची माती बेसॉल्टची, तिच्यात क्वार्ट्झ थोडंच. युरोपातल्या वाळूमिश्रित मातीचे तक्ते इथे लावले की वाहकता हमखास फुगते. क्वार्ट्झ कमी असताना बाकी खनिजांना ३ धरण्याचा नियम या पद्धतीत आहे, पण बेसॉल्टच्या मातीला २ च धरलेला बरा. क्वार्ट्झ १० टक्के धरून संपृक्त वाहकता १.१७ येते. मधल्या ओलाव्यासाठी बारीक मातीला लॉग (पाया १०) संपृक्तता अधिक १ हा गुणक, त्याने संपृक्त आणि कोरड्या वाहकतेतला फरक गुणून कोरडीत मिळवा: ३० टक्के ओलाव्याला (संपृक्तता ०.८१) वाहकता १.०८, ८ टक्क्यांना (०.२२) ०.५१.

आता वाहकता भागिले धारकता, म्हणजे विसरणता काढा. ओली माती ३.९, कोरडी ३.३ (दोन्ही × १०⁻⁷ चौ.मी. प्रति सेकंद). वाहकता दुप्पट झाली, विसरणता जेमतेम हलली! तापमानाची लाट किती खोल आणि किती उशिरा पोचते हे विसरणतेवर ठरतं, पण उष्णता किती वाहते हे वाहकतेवर. म्हणून मातीतल्या थर्मामीटरांशी तंतोतंत जुळणारं मॉडेल उष्णतेच्या हिशेबात निम्म्याने चुकू शकतं. नुसत्या तापमानांवरून वाहकता ठरवू नका.

ती मोजायची तर सुई-प्रोब (आतून तापवायची आणि स्वतःचं तापमान मोजणारी सुई) लागतो, पद्धत एएसटीएम डी-५३३४ या अमेरिकी मानकात आहे. सुईला मीटरमागे ६ वॅट दिले आणि ६० व्या सेकंदापासून ६०० व्या सेकंदापर्यंत तापमान १.१० अंशांनी चढलं, तर चढ १.१० ÷ २.३०३ (१० चा नैसर्गिक लॉग) = ०.४७८ आणि वाहकता ६ ÷ (४ × ३.१४१६ × ०.४७८) = १.०. पहिला मिनिट सोडून द्या, तो सुईचा असतो. मेमधल्या दगडासारख्या काळ्या मातीत भोक पाडून सुई घातली की भोवती हवा राहते, म्हणून थर्मल ग्रीस भरूनच घाला. आणि भेगेपासून दूर. भेगाळलेल्या काळ्या मातीच्या वरच्या थरात हवाही फिरते, तिथे शुद्ध वहनाचं मॉडेल तसंही लंगडं.

विसरणता मात्र दोन खोलींच्या लॉगरवरून छान निघते. समजा ५ सेंमीवर दिवसाचा चढउतार सरासरीच्या ९ अंश वर-खाली आणि २० सेंमीवर २.१ अंश. तर मुरण्याची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरात चढउतार ३७ टक्क्यांवर येतो ती, = ०.१५ ÷ लॉगन(९ ÷ २.१) = ०.१०३ मीटर (लॉगन म्हणजे नैसर्गिक लॉग). विसरणता = ३.१४१६ × या खोलीचा वर्ग ÷ ८६,४०० सेकंद, म्हणजे ३.९ × १०⁻⁷. लाटेच्या शिखराचा उशीर साडेपाच तासांचा निघायला हवा. तो तीन तास निघाला तर सेन्सर सैल बसलाय किंवा मध्ये पाणी मुरलंय.

वर्षाच्या लाटेसाठी ही खोली ३६५ च्या वर्गमूळाने, म्हणजे १९ पटीने वाढते: सुमारे २ मीटर. तीन मीटरवर वार्षिक चढउताराचा २२ टक्केच उरतो आणि तो ८७ दिवस उशिरा पोचतो. मॉडेलचा तळ १२-१५ मीटरवर घ्या, काप १० सेंमी, टाइमस्टेप एक तास. सुरुवात वार्षिक सरासरीने करून काही वर्षं चालवा. इथे पाच दिवस पुरत नाहीत.

परदेशी सूत्रांत वर्षाला एकच साइन लाट असते. महाराष्ट्रात मे तापतो, पावसाळा गार करतो, ऑक्टोबर पुन्हा तापतो. त्यामुळे सहा महिन्यांची दुसरी लाट जोडावी लागते. ती लवकर विझते, तीन मीटरवर जेमतेम १२ टक्के. म्हणजे भू-वायू बोगद्याच्या (घरात येणारी हवा मातीतून नेऊन गार करणाऱ्या पाइपाच्या) खोलीला एक लाट चालून जाते, पण मीटरभर खोलीच्या पाइपाला नाही. आणि वरची सीमा म्हणून हवेचं तापमान लावू नका, उघडी माती उन्हात हवेपेक्षा बरीच जास्त तापते.

पुरलेली केबल

केबलवाले वाहकतेऐवजी मातीचा औष्णिक रोध बोलतात. भारतीय केबलच्या कॅटलॉगमधली क्षमता १५० अंश-सेंमी प्रति वॅट, म्हणजे १.५, आणि जमीन ३० अंश धरून दिलेली असते. आपल्या ओल्या मातीचा रोध ०.९३, कोरडीचा १.९७.

तापमानवाढ = उष्णता × रोध ÷ ६.२८३ × लॉगन(४ × खोली ÷ व्यास). मीटरमागे ३० वॅट, खोली ०.९ मीटर, व्यास ६० मिमी धरला तर ओल्या मातीत केबलचं बाह्य पृष्ठ जमिनीपेक्षा १८ अंश, कॅटलॉगच्या मातीत २९ आणि कोरड्या मातीत ३८ अंश तापतं. वाहकाचं तापमान त्याहून वर, आणि एक्सएलपीई (क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीनच्या आवरणाच्या) केबलची मर्यादा ९०. तापलेली केबल भोवतालची माती आणखी कोरडी करते, कोरडी माती केबलला आणखी तापवते, म्हणून ओल्या दिवसांत मोजलेला रोध डिझाइनला वापरायचा नाही. खणलेली काळी माती पुन्हा चरात टाकण्याऐवजी चांगल्या प्रतवारीची वाळू किंवा सिमेंटचा हलका अंश असलेलं मिश्रण थराथराने दाबून भरा आणि त्याच्या पूर्ण कोरड्या नमुन्यावर सुई लावून रोध तपासा. एकाच जाडीच्या कणांची नदीची वाळू ओली असताना उत्तम आकडा देते आणि सुकली की काळ्या मातीपेक्षाही वाईट होऊ शकते.